चौथं कोटेशन

गडहिंग्लज
६ जानेवारी २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष, वाचक मंडळ (एकूण सभासद दोन),
शिवाजी पेठ, कोल्हापूर.

विषय : पुस्तकं यंत्रावर वाचण्याबाबत.

हंबीरराव, स. न. वि. वि.

पत्र छापील बघून दचकू नका. घरात प्रिंटर आला आहे. तो वापरला नाही तर शाई वाळते असं सुष्मिता, म्हणजे माझी सून, म्हणते. म्हणून यापुढे माझी पत्रं अशीच येतील.

मुद्द्यावर येतो. येत्या मे महिन्यात आपल्या मंडळाला बत्तीस वर्षं होतील. बिद्रीच्या साखर कारखान्यात तुम्ही टाइम ऑफिसात आणि मी वजनकाट्यावर असताना आपण ठरवलं, की दोघांत मिळून एक पुस्तक घ्यायचं, एकानं वाचून समासात पेन्सिलीनं मत लिहायचं आणि दुसऱ्याला द्यायचं. निवृत्त झाल्यावर तुम्ही पेठेत गेलात, मी इकडे आलो, तरी पुस्तक एसटीच्या पार्सलानं जात-येत राहिलं. फोनवर पुस्तकाविषयी बोलायचं नाही हा नियमही आपण पाळला. फोन फक्त मयत आणि गाडीची वेळ कळवायला.

आता माझ्या कपाटाला वाळवी लागली आहे. जग यंत्रावर वाचतं आहे, आपणच मागं का राहावं? तेव्हा असं एखादं यंत्र आणि त्यावर पुस्तकं विकणारं दुकान आपण निवडावं, असं सुचवतो. कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे तीन कोटेशनं घेऊन तुलनात्मक तक्ता करावा. मराठी पुस्तकं किती, दर काय, पुस्तक दुसऱ्याला देता येतं का आणि अक्षर मोठं करता येतं का, हे बघावं. शेवटच्या मुद्द्याला शंभरांपैकी चाळीस गुण ठेवावेत.

बाकीचे नियम आहेत तसेच राहतील. नियम चार धरून. दोन महिन्यांत पुस्तक न संपवणाऱ्याचं सभासदत्व आपोआप रद्द. आपले तिसरे सभासद बॉयलरचे बाळासो यांना सत्त्याण्णव साली याच नियमानं काढलं, तेव्हा ते घर बांधत होते आणि पान नव्वदवर अडकले होते. काढायचा ठराव मीच मांडला होता. नियम ढिला करा असं मी कधी म्हणणार नाही.

आपला,
चनबसाप्पा
चिटणीस


शिवाजी पेठ, कोल्हापूर
१३ जानेवारी २०२५

चनबसाप्पा, स. न.

तुमचं छापील पत्र वीज बिलासारखं दिसतं. मी ते दोन दिवस बिलांच्या पिशवीत ठेवलं होतं. तुमचं अक्षर कारखान्यात एक नंबर होतं, काट्याची पावती लोक जपून ठेवायचे, आणि आता प्रिंटरची शाई वाळते म्हणून आम्ही हे वाचायचं. असो.

तुम्ही म्हणालात म्हणून शाहूपुरीत विजयसिंहाच्या दुकानात गेलो. तो मोबाइल विकतो, पण वाचायची यंत्रंही ठेवतो. मला बघून म्हणाला, ‘‘या पावणं, कंचं दावू?’’ मी म्हणालो, ‘‘पुस्तक वाचायचं यंत्र. तीन कोटेशनं पायजेत.’’ त्यावर तो म्हणाला, ‘‘कोटेशन कशाला ओ, बघा, हातात धरा, आवडलं तर न्या की.’’ अशानं कारखाने बुडतात. मी उभा राहून तिन्ही दुकानांची माहिती लिहून घेतली.

पहिलं लीफोरा. परदेशी. त्यांचं स्वतःचं यंत्र आहे, कागदासारखा पडदा, उन्हात चमकत नाही. मराठी पुस्तकं बेताची. त्यांचं पुस्तक दुसऱ्या कुठल्याच यंत्रावर उघडत नाही. दुसरं पानोपान. मराठी पुस्तकं ढिगानं, पण वाचायचं मोबाइलवर, आणि प्रत्येक प्रकरण संपलं की एक बाई येऊन केसांचं तेल विकते. तिसरं ग्रंथहाट. ते पुस्तकाची फाइल देतात, कुठंही उघडा. उघडलं. जोडाक्षरं फुटून अर्धी या ओळीत, अर्धी त्या ओळीत. ‘विश्वास’ वाचायला मला दोन ओळी लागल्या.

अक्षर मोठं करणं तिन्हींत आहे. पण त्याला चाळीस गुण का? अक्षर काय कुल्फी आहे, मोठी मागायला? मी शून्य गुण सुचवतो.

तुमचा,
हंबीरराव


गडहिंग्लज
२२ जानेवारी २०२५

मा. अध्यक्ष,

आपला अहवाल पोहोचला. अक्षराच्या गुणांबाबत मतभेद नोंदवून घ्यावा. माझे चाळीस कायम. आपण शून्य दिले तरी सरासरी वीस येते.

इथं बसून मीही चौकशी केली. पानोपानवर एक खातं एकाच मोबाइलवर चालतं. म्हणजे आपल्याला प्रत्येक पुस्तक दोनदा घ्यावं लागेल, आणि तेलवाली बाईही दोन वेळा येईल. ग्रंथहाटला मी फुटलेल्या जोडाक्षरांबद्दल विचारलं. त्यांनी लिहिलं, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ त्या वाक्यात ‘अभिप्राय’ फुटलेला होता.

उरलं लीफोरा. त्याचं अक्षर बारा पायऱ्यांनी वाढतं असं विजयसिंहानं फोनवर सांगितलं. पुस्तक दुसऱ्याला देता येतं का, एवढं आपण विचारून घ्यावं. आपला आवाज मोठा आहे, ग्राहक सेवा लवकर उत्तर देईल.

आपला,
चनबसाप्पा


शिवाजी पेठ
४ फेब्रुवारी २०२५

चनबसाप्पा,

लीफोराच्या ग्राहक सेवेशी चाळीस मिनिटं बोललो. शुद्ध मराठी बोलणारी मुलगी होती. तो संवाद जसाच्या तसा कळवतो, कारण त्यावर निर्णय घेतला आहे.

मी म्हणालो, ‘‘पुस्तक इकत घेतलं की ते माझं झालं न्हवं?’’ ती म्हणाली, ‘‘सर, आपल्याला ते वाचण्याचा परवाना मिळतो.’’ मी म्हणालो, ‘‘बंदुकीला परवाना लागतो बाई, पुस्तकाला कशाला?’’ ती म्हणाली, ‘‘सर, आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?’’ मग मी विचारलं, मी मेल्यावर पुस्तक कोणाला जाणार. ती म्हणाली, ‘‘ते आपल्या खात्यासोबत संपेल, सर.’’ मी विचारलं, ‘‘आणि गडहिंग्लजच्या दोस्ताला वाचायला द्यायचं असलं तर?’’ तसं देता येणार नाही म्हणाली. पण एकाच खात्यावर दोन यंत्रं चालतात. म्हणजे एकच माणूस असेल, तर तो घरी एक आणि कामावर एक यंत्र ठेवू शकतो.

तेव्हा मी एक खातं उघडलं आहे. नाव : हंबीरराव चनबसाप्पा. नाव आणि आडनाव असे दोनच रकाने होते, दोन्ही भरले. कंपनीनं लगेच ‘प्रिय हंबीरराव चनबसाप्पा, स्वागत’ असं कळवलं. कंपनीच्या लेखी आपण दोघं एकच माणूस आहोत. बत्तीस वर्षांत कोणी एवढं लवकर ओळखलं नव्हतं.

दोन यंत्रं घेतली. तुमचं एसटीच्या पार्सलानं पाठवतो आहे. त्यात पहिलं पुस्तक घातलं आहे, दीपगृहावरच्या कारकुनाची कादंबरी, पानं तीनशे चार. बोटानं ओळ दाबून धरली की समासात मत लिहिता येतं, आणि तुमचं मत माझ्या यंत्रावर दिसतं. तेव्हा पेन्सिलीऐवजी तिथं लिहा. चांगलं असेल तिथं नेहमीसारखं ‘भरलं’, पाल्हाळ असेल तिथं ‘पाचट जास्त’. उसाच्या गाडीतून पाचटाचं वजन वजा करता करता तुम्ही पुस्तकांनाही तेच लावलंत, पण त्यावाचून मला करमत नाही.

आजपासून दोन महिने. ४ एप्रिल.

तुमचा,
हंबीरराव


गडहिंग्लज
२७ फेब्रुवारी २०२५

मा. अध्यक्ष,

आपण पुस्तक संपवल्याचं कार्ड मिळालं. मीही संपवलं आहे.

यंत्र उत्तम. अक्षर मोठं होतं. कादंबरी भरली. कारकुनाचा एकटेपणा फार प्रभावीपणे उभा केला आहे, आणि समुद्राचं वर्णन चित्रदर्शी आहे. शेवट मनाला चटका लावून जातो. एकूण वाचनीय.

पुढचं पुस्तक आपण निवडावं. घाई नाही.

आपला,
चनबसाप्पा


शिवाजी पेठ
५ मार्च २०२५

चनबसाप्पा,

तुमचं मत वाचलं. ‘चित्रदर्शी’ हा शब्द तुम्ही बत्तीस वर्षांत वापरलेला नाही. एका पुस्तकावर हा शब्द छापला होता, म्हणून ते तुम्ही विकतच घेऊ दिलं नव्हतं.

दुसरी गोष्ट. काल संध्याकाळी पुस्तक पुन्हा चाळावं म्हणून यंत्र उघडलं. त्यानं मला विचारलं, ‘आपल्या दुसऱ्या यंत्रावर आपण पान १२ वर आहात. तिथं जायचं का?’ मी नको म्हणालो. आज सकाळी परत विचारलं, ‘आपण पान १२ वर आहात.’ मी पान तीनशे चारवर आहे हे मला माहीत आहे. म्हणजे पान बारावर असलेला तो दुसरा इसम तुम्ही.

समासात तुमचं एकही मत नाही. ‘भरलं’ नाही, ‘पाचट जास्त’ नाही, काहीच नाही. पहिल्याच प्रकरणात लेखक सात पानं फक्त पायऱ्या मोजतो. तिथं तुम्ही गप्प बसलात यावर माझा विश्वास बसत नाही.

खुलासा करावा.

हंबीरराव


गडहिंग्लज
१२ मार्च २०२५

मा. अध्यक्ष,

खुलासा पुढीलप्रमाणे. इथं इंटरनेट अधूनमधून येतं. मी वाचतो, पण यंत्राला ते वेळेवर कळत नाही. मतं नंतर एकदम लिहीन. यंत्र नवीन आहे, त्यावर एवढा विश्वास ठेवणं बरं नव्हे. एक-दोन दिवसांत सगळं जुळून येईल.

आत्तीबाई, म्हणजे आमच्या बसव्वा, आपली आठवण काढतात.

आपला,
चनबसाप्पा


शिवाजी पेठ
१९ मार्च २०२५

चनबसाप्पा,

जुळून आलं. रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी यंत्र हातात घेऊन बसलो होतो. ते म्हणालं, आपण पान ८७ वर आहात. मी चष्मा पुसेपर्यंत म्हणालं, १६०. मग २३१. चार वाजून चौदा मिनिटांनी आपण तीनशे चारवर पोहोचलात. चार मिनिटांत दोनशे ब्याण्णव पानं. इंटरनेट आलं की पान एकदम उडी मारतं, टप्प्याटप्प्यानं पळत नाही. कोणीतरी बोट दाबत बसलं होतं.

मी टाइम ऑफिसात सत्तावीस वर्षं काढली आहेत. दुसऱ्याचं कार्ड पंच करणारा माणूस मला लांबून कळतो. स्वतःचं कार्ड पंच करणारा जांभई देतो, दुसऱ्याचं करणारा इकडेतिकडे बघतो. तुझं कार्ड कोणीतरी पंच केलं आहे.

मला राग आला नाही असं लिहिणार होतो, पण राग आला आहे. पुस्तक आवडलं नसेल तर सांगायचं होतंस. यंत्र नको असेल तर ते तूच मागितलं होतंस. अक्षराला चाळीस गुण तूच दिलेस, आणि बारा पानं वाचून ठेवून दिलंस. मंडळाचा कंटाळा आला असेल, माझा आला असेल, तर तेही लिही. छापील लिही, माझी हरकत नाही. पण खोटी हजेरी लावू नकोस. माझ्यापुढं तरी नको.

बाळासोंना तू काढलंस तेव्हा मी म्हणालो होतो, घर बांधतोय माणूस, दोन महिने दे. तू म्हणालास, ‘‘काट्यावर दया दावली की समदा कारखाना बुडतोय.’’ त्या हिशेबानं ४ एप्रिलला नियम चार लागू होईल. मंडळात मी एकटा राहीन. एकट्याचं मंडळ कसं चालवतात, तेवढं चिटणीस म्हणून कळवून जा.

हंबीरराव


गडहिंग्लज
२५ मार्च २०२५

ती. हंबीरकाकांना,
सुष्मिताचा सा. न.

हे पत्र मी मामंजींना न सांगता लिहिते आहे. फोनच करणार होते, पण पुस्तकाचं फोनवर बोलायचं नाही असा तुमचा नियम ऐकून आहे.

पानं मी उलटली. मामंजींनीच सांगितलं, ‘‘बोट दाबत ऱ्हा, शेवट येस्तोवर थांबू नगं.’’ मला ते पटलं नव्हतं.

मामंजींच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला आहे. उजव्याला दोन वर्षांपूर्वी, डाव्याला गेल्या दसऱ्यापासून. कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. ते म्हणतात, ‘‘ज्या शब्दाकडं बघावं तेवढाच जातोय, आजूबाजूचं समदं हजर हाय.’’ डॉक्टरांनी सांगितलं, चष्म्यानं सुधारणार नाही, आहे तेवढं टिकवायचं. प्रिंटर शाई वाळते म्हणून नाही आणला, काका. त्यांना स्वतःचं अक्षर दिसेना म्हणून आणला. ते सांगतात, मी टाईप करते, खाली सही तेवढी ते करतात. तीही मी बोट ठेवून दाखवते तिथं.

अक्षर मोठं केलं की वाचता येईल अशी त्यांना फार आशा होती. तुमचं पार्सल आलं त्या दिवशी ते स्वतः स्टँडवर गेले. मग रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे. बाराव्या पायरीवर अक्षर नेलं की एका ओळीत तीन शब्द बसतात, त्यांतला मधला त्यांना दिसत नाही. मान वाकडी करून एकेक शब्द कडेनं धरायचे. बारा पानांना एकोणीस दिवस लागले. विसाव्या दिवशी यंत्र कपाटात ठेवलं आणि मला म्हणाले, ‘‘पुस्तकाच्या जाहिरातीत काय लिहिलंय ते वाच, हंबीररावाला मत द्यायचं हाय.’’ ‘चित्रदर्शी’ तिथलं आहे. ते टाईप करताना मलाही चमकायला झालं होतं.

मी वाचून दाखवते म्हणाले. शाळा आणि घर सांभाळून रोज दोन पानं तरी झाली असती. तर म्हणाले, ‘‘सभासद मी हाय. तू वाचलंस तर सभासद तू झालीस.’’ आत्तींचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, शिक्षण कन्नड शाळेत झालं, त्यांना मराठी वाचता येत नाही.

त्यांना भीती एकच आहे. मंडळातून आपलं नाव कमी होईल, आणि ते स्वतःच्याच नियमानं. बाळासोकाकांना काढलं तेव्हा मी कुणाचं ऐकलं नाही, आता मी कुठल्या तोंडानं सवलत मागू, असं आत्तींना म्हणत होते.

तुमचं १९ तारखेचं पत्र मीच वाचून दाखवलं. मधला भाग गाळला, तर लगेच म्हणाले, ‘‘गाळू नगंस. वजन कमी भरतंय.’’ मग सगळं वाचलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

काका, मी चुगली केली असं वाटत असेल तर माफ करा.

तुमची,
सुष्मिता


शिवाजी पेठ
३१ मार्च २०२५

प्रति,
मा. चिटणीस, वाचक मंडळ,
गडहिंग्लज.

विषय : १) नियम चार. २) फेरकोटेशन.

चनबसाप्पा, स. न.

मला माहिती मिळाली आहे. कुठून ते विचारू नये, टाइम ऑफिस आपली माणसं सांगत नसतं. १९ तारखेला मी जे लिहिलं त्याची लाज वाटते. कुल्फीचीही. तुझी माफी मागतो आणि कामाला लागतो, कारण ४ तारीख जवळ आली आहे.

जानेवारीत केलेला तक्ता रद्द समजावा. त्यात ‘वाचून दाखवतं का’ हा रकाना घ्यायचा राहिला. चूक माझी, मी सगळे गुण भलतीकडे वाटत बसलो. शाहूपुरीत परत गेलो. विजयसिंह म्हणाला, ‘‘परत कोटेशन?’’ मी म्हणालो, ‘‘व्हय. आवाज ऐकायचाय.’’ त्यानं खुर्ची दिली. तिन्ही दुकानांना मी त्याच कादंबरीचं पान एकशे अठ्ठेचाळीस दिलं, जिथं कारकुनाची बायको जाते.

लीफोरा. आवाज आहे, पण त्याला मराठी येत नाही. मराठी पान दिलं की गप्प बसतो आणि पुस्तक संपलं म्हणून कळवतो.

पानोपान. मराठी येतं. बाईचा आवाज, स्वच्छ. पण कारकुनाची बायको गेली, हे ती ‘कागलमार्गे निपाणी गाडी फलाट क्रमांक पाचवर लागली आहे’ याच सुरात सांगते. पाठोपाठ तेल आहेच.

ग्रंथहाट. त्यांचा स्वतःचा आवाज नाही, दुसरीकडून आणून लावावा लागतो. लावला. फुटलेलं जोडाक्षर आलं की तो खोकल्यासारखा आवाज करतो. विजयसिंहाच्या दुकानातलं गिऱ्हाईक मागं वळून बघायला लागलं.

तिन्ही नापास. तेव्हा मुदतीत आलेलं चौथं कोटेशन सोबत सादर करतो.

पुरवठादार : हंबीरराव, शिवाजी पेठ. माल : मराठी वाचून दाखवणं, आठवड्यातून एकदा, गुरुवारी, अंदाजे पस्तीस पानं. जोडाक्षरं : फुटत नाहीत. दात दोन कमी आहेत, पण ‘श’ अजून येतो. आवाज लहान-मोठा करता येतो का : नाही, मोठाच आहे, गल्लीला ऐकू जाईल. जाहिरात : नाही. चार्जिंग : चहा, शक्यतो बसव्वांच्या हातचा. हमी : पुरवठादार चालता-फिरता असेपर्यंत. दोष : मधेमधे स्वतःचं मत घालतो, याची खरेदीदारानं नोंद घ्यावी. दर : समासातली मतं. तू सांगायचंस, मी यंत्रात लिहायचं.

नियम चारबाबत माझा ठराव असा, की ज्याला पुस्तक वाचून दाखवलं त्यानं ते वाचलं असं धरावं, आणि दोन महिने पहिल्या गुरुवारपासून मोजावेत. यात दया नाही. कंपनीच्या लेखी आपण एकच माणूस आहोत. एका माणसाचे डोळे पेठेत आणि कान गडहिंग्लजला असले, तर त्याला एसटीचं तिकीट काढावं लागतं, एवढंच.

मला मंडळ एकट्याला चालवता येणार नाही. ते मी रागात लिहिलं होतं, पण खरं होतं.

तुझा,
हंबीरराव

ता. क. तू वाचलेली बारा पानं मी परत वाचणार नाही. एकोणीस दिवस घालवून वाचली आहेस, ती पक्की हजेरी आहे.


गडहिंग्लज
५ एप्रिल २०२५

मा. अध्यक्ष,

हा मजकूर सुष्मिता टाईप करते आहे, हे या वेळी उघड लिहायला तिला सांगितलं आहे. माहिती कुठून फुटली तेही मला कळलं आहे. तिला मी काही बोललो नाही. बसव्वांनी त्या दिवशी तिच्यासाठी होळगी, म्हणजे पुरणपोळी केली, म्हणजे घरात बहुमत कुणाकडे आहे ते बघा.

चारही कोटेशनं तपासली. चौथं मंजूर. अट एकच, मधेमधे मत घालायचं तर प्रकरण संपल्यावर घालावं. पायऱ्या मोजण्याच्या त्या सात पानांबद्दल मला फार बोलायचं होतं. महिनाभर ते पोटात ठेवून बसलो आहे. ‘पाचट जास्त’, हे पहिलं मत समजावं.

नियम चारवरचा आपला ठराव मंजूर, पण त्यात एक नाव घालावं. बाळासोंना पान नव्वदपासून सभासदत्व परत द्यावं. त्या वेळी माणूस घर बांधत होता आणि मी काट्यावरून उठायला तयार नव्हतो. माझं चुकलं, हे त्यांना माझ्या वतीनं सांगावं. नको, तुम्ही सांगू नका. त्यांना घेऊन या, मी सांगतो.

हंबीर, मला वाटलं होतं, तुला कळलं की तू वाईट वाटून घेशील, मग विचारपूस करशील, आणि मग पुस्तकाचं बोलणं बंद होईल. ती विचारपूस मला सोसली नसती. तू कोटेशन पाठवलंस. सुष्मितानं ते दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचायला लावून मी ते पाठ केलं.

खालच्या ओळी माझ्या हातानं लिहितो आहे. सुष्मितानं कोरा कागद जोडला आहे. ओळ सरळ येणार नाही आणि एका कागदात सगळं मावणारही नाही, तेव्हा दोन कागद लागले तर दोन्ही बघा.

भरलं.
गुरुवारी सव्वानऊची गाडी धर.
पान बारा संपलंय. तेराव्यापासून.

चनबसाप्पा